रणगाड्याची आयशॅडो: तामियाच्या दोन डब्या आणि माझ्या भाच्याची बोटं

डबी पार्सलमधून काढली तेव्हा आई समोर मेथी निवडत बसली होती. तिने चष्मा वर करून बघितलं. "अगं, ही कसली आयशॅडो? पांढरी, काळी आणि ही विटकरी! असली कोण लावतं?"

"रणगाडे लावतात," मी म्हटलं. आईने पुढची जुडी ओढली.

तिचं काही चुकलं नव्हतं. तामिया या जपानी कंपनीचं 'वेदरिंग मास्टर', म्हणजे मॉडेलांवर धूळ, चिखल, गंज दाखवायचा रंग, दिसायला मेकअपच्या डबीसारखंच आहे. तळहातात मावणारी चपटी प्लॅस्टिकची डबी, आत दाबून बसवलेल्या तीन रंगांच्या वड्या आणि एक बोटभर काडी. काडीच्या एका टोकाला स्पंज, दुसऱ्या टोकाला आखूड केसांचा ब्रश. मी दोन सेट घेतले. ए सेटमध्ये सँड, लाइट सँड आणि मड, म्हणजे तिन्ही मातीचे रंग. बी सेटमध्ये स्नो, सूट आणि रस्ट: बर्फ, काजळी, गंज. एकेक डबी मला साडेसातशे-आठशेच्या घरात पडली. माल आयात केलेला, त्यामुळे विक्रेत्यागणिक भाव बदलतो. बी सेटची पहिली डबी कुरिअरमध्ये आपटून आली होती, काजळीचा चुरा बाकीच्या दोन रंगांवर पसरलेला. विक्रेत्याचं नाव घेत नाही, कारण दोन महिने हुज्जत घालून का होईना, त्याने दुसरी पाठवली. तो चुरा मी फेकला नाही. गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलाय आणि अजून वापरतेय.

आधीच सांगून टाकते, की ही डबी ज्या कामासाठी बनवली आहे, ते काम मी तिला दिलेलंच नाही. ती काचेच्या कपाटात ठेवायच्या मॉडेलांसाठी आहे. माझे रणगाडे खेळायचे आहेत. शनिवारी संध्याकाळी ते सहा बाय चार फुटांच्या टेबलावर टेपने इंच मोजून सरकवले जातात, फासे पडतात, आणि माझा पंधरा वर्षांचा भाचा प्रत्येक रणगाडा तोफेच्या नळीला धरून उचलतो. त्यामुळे कपाटातल्या मॉडेलांसाठी लिहिलेले रिव्ह्यू वाचून मी जे काही केलं, ते सगळं एका शनिवारात त्याच्या अंगठ्याला लागून घरी गेलं.

माझा दातांचा दवाखाना आहे, नगरला, सावेडीत. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात बसलेलं नगर काही निघत नाही, आणि तोंडात बसलेल्या गोष्टी काढणं किती अवघड हे मला कोणी सांगायला नको. नगरच्या माणसाला रणगाडा परका नाही. रणगाडा दलाचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथलं. खारे कर्जुनेच्या रेंजवर, ज्याला सगळे के. के. रेंज म्हणतात, गोळीबार सुरू झाला की लहानपणी आमच्या खिडकीच्या काचा हलायच्या आणि आजी म्हणायची, "लागले कामाला." १९९४ मध्ये रणगाड्यांचं संग्रहालय सुरू झालं आणि आमच्या शाळेची सहल तिकडे गेली. चर्चिल, माटिल्डा, व्हॅलेंटाइन अशी नावं मी तिथे पहिल्यांदा वाचली. बाकीच्या मुली सावलीत डबे उघडून बसल्या होत्या आणि मी सेंच्युरियनची चाकं मोजत होते. एका बाजूला सहा.

त्या सहलीने माझं एक नुकसानही केलं. संग्रहालयातला रणगाडा लग्नाला निघालेल्या माणसासारखा असतो. न्हाऊन-माखून, नवे कपडे घालून, केस चापून बसवून उभा. मी पहिले चार रणगाडे तसेच रंगवले, स्वच्छ, एकसारखे हिरवे. टेबलावर ठेवल्यावर ते खेळण्यातले दिसले. (खेळण्यातलेच आहेत, मान्य. पण दिसायला नकोत.) तेव्हापासून धूळ, चिखल, काजळी आणि गंज यांच्या मागे लागले.

आम्ही १९७१ खेळतो. शकरगडची आघाडी, बसंतरची लढाई. माझ्याकडे आपल्या पूना हॉर्स रेजिमेंटचे सेंच्युरियन, भाच्याकडे पाकिस्तानचे पॅटन. न्यूझीलंडच्या बॅटलफ्रंट कंपनीचा 'फ्लेम्स ऑफ वॉर' हा खेळ मुळात दुसऱ्या महायुद्धाचा, पण त्याची अरब-इस्रायल युद्धांची एक शाखा आहे आणि तिच्यात सेंच्युरियनही मिळतो, पॅटनही. सिनाई आणि जॉर्डनसाठी भरलेली खोकी आम्ही पंजाबात उतरवतो. प्रमाण पंधरा मिलिमीटरचं, म्हणजे एकास शंभर. साधारण पन्नास टनांचं धूड माझ्या टेबलावर साडेसात सेंटिमीटरचं होतं, वर नळी.

हे एकास शंभर डोक्यात पक्कं बसल्याशिवाय यातलं कुठलंच सामान विकत घेऊ नये, असं माझं मत आहे. मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावरचे दहा सेंटिमीटर. पॅकिंगच्या फोमचा तुकडा रंगात बुडवून टिपत गेलं की रंग उडाल्याचे टवके पडतात, ही युक्ती सगळे शिकवतात. मी उत्साहाने मिलिमीटर-मिलिमीटरचे टवके टिपले. म्हणजे माझ्या सेंच्युरियनचा रंग जागोजागी चार-चार बोटं रुंद उडालेला होता! असा रणगाडा लढाईला जात नाही, भंगारात जातो. एकास पस्तीसच्या मोठ्या मॉडेलवर तोच ठिपका साडेतीन सेंटिमीटरचा होतो आणि खपून जातो. बहुतेक सल्ले तिकडून आलेले असतात.

धुळीचंही तसंच. डबी घेण्याआधी मी स्वस्तातले मार्ग करून बघितले. किराणा दुकानातला गेरू आणला, मलमलच्या ओढणीतून वस्त्रगाळ केला, गंज म्हणून सायलेन्सरवर लावला. रंग इतका सुंदर, की काय सांगू. पण वस्त्रगाळ केला तरी त्यात कण राहतातच. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा कण आपल्याला भुकटी वाटतो. या प्रमाणात तो एक सेंटिमीटरचा खडा होतो. माझ्या रणगाड्याचा सायलेन्सर गंजलेला वाटेना, त्यावर कोणी खडी ओतल्यासारखं वाटलं. मग रेंजच्या रस्त्याकडेची खरीखुरी माती आणली. रणगाड्यांनीच दळलेली, याहून अस्सल काय असणार? तीही जाड निघाली, वर व्हार्निश बसल्यावर ओल्या मातीसारखी काळी पडली.

तामियाच्या वडीत मला कण सापडला नाही. रुग्ण नसताना लूप लावून, म्हणजे आमचे दुर्बिणीसारखे चष्मे असतात ते लावून, मी शोधला. स्पंज फिरवला की रंग धुरासारखा बसतो, कडेला विरत जातो. एकास शंभरला धूळ अशीच दिसायला हवी. मला विचाराल तर डबीचे निम्मे पैसे इथेच वसूल होतात.

दुसरा गुण म्हणजे ती उडत नाही. बाटलीत सुट्या पिगमेंटची भुकटी मिळते, ती अनेक कंपन्या विकतात आणि मोठ्या मॉडेलांना ती उत्तमच. पण आमच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, पंखा चालू, तोंडाला मास्क, आणि शिंक आली की संपलं. तामियाची वडी किंचित तेलकट आहे, आयशॅडोसारखीच, म्हणून जिथे लावाल तिथे राहते. मात्र खालचा पृष्ठभाग मॅट लागतो. चकचकीत रंगावर स्पंज नुसता घसरतो आणि माणूस डबीला शिव्या घालतो. आधी मॅट व्हार्निशचा हात, मग वेदरिंग मास्टर.

सोबतच्या काडीचं काय? स्पंज चांगला आहे, पण या मापाला दांडगा. त्याने टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटाच्या, कडेला धूळ लावायला जावं तर ती निम्म्या टरेटभर होते. मी आमचे मायक्रोब्रश वापरते, दातात सिमेंट भरण्याआधी बाँडिंगचं औषध ज्याने लावतो ते. टोकाला मोहरीएवढा लवदार गोळा असतो, मानेशी वाकतो, चाकांच्या मधल्या फटीत जातो. शंभराचं पाकीट डेंटल डेपोत मिळतं, आणि ते विकत घ्यायला दंतवैद्य असावं लागत नाही. मेकअपवाल्या मुलींकडेही असेच ब्रश असतात, पापण्यांसाठी. शेवटी सगळं आईच्याच वाटेने चाललंय.

आता एकेक वडी.

काजळी, म्हणजे सूट, ही या दोन डब्यांमधली सर्वांत उपयोगी. काळी आहे पण मेलेली काळी नाही, जरा राखेकडे झुकलेली. सेंच्युरियनमध्ये रोल्स-रॉइसचं मीटिऑर हे पेट्रोल इंजिन होतं आणि त्याचे दोन मोठे सायलेन्सर मागच्या बाजूला दोन्ही मडगार्डांवर बसवलेले असतात. धूर बाहेर पडतो त्या तोंडाशी काजळीचा एक हलका फटकारा, मागे विरत गेलेला. बस. नळीच्या तोंडाला लोक काळं फासतात ते मला पटत नाही. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावल्यासारखं दिसतं. काजळीची खरी जागा इंजिनवरच्या जाळ्यांत आणि चाकांच्या मधोमध, जिथे वंगण गळून त्यावर धूळ बसते.

गंज म्हणजे रस्ट नारिंगीकडे जाणारा विटकरी आहे आणि तो फार मोहात पाडतो. मी पहिल्यांदा सगळे ट्रॅक, म्हणजे चाकांभोवतीचे साखळीपट्टे, त्याने माखले. दोन दिवस खूश होते. मग रेंजकडून परत येणाऱ्या एका रणगाड्याचे ट्रॅक आठवले. चालता रणगाडा ट्रॅक गंजू देत नाही. जमिनीवर घासून त्याच्या कडा स्टीलच्या ताटासारख्या चमकतात, आणि खोबणींत माती भरलेली असते. नारिंगी ट्रॅक म्हणजे वर्षभर उभा राहिलेला रणगाडा. ट्रॅकला आता मी गडद तपकिरी रंग देते आणि वरच्या कडांवर साधी ६बी पेन्सिल आडवी घासते, शिसाची चमक बरोब्बर लोखंडाची येते. गंजाची वडी फक्त सायलेन्सरसाठी, कारण तिथला रंग उष्णतेने जळून जातो आणि उघडा पत्रा खरोखर गंजतो. त्यातही आधी गंज, वर थोडी काजळी. एका सेंच्युरियनला लागते ती ही इतकी, नखाच्या पांढऱ्या कडेएवढी. ही वडी माझ्या हयातीत संपायची नाही.

मड ठीक आहे. कोरड्या चिखलाचा चॉकलेटी. ओला चिखल तिने होत नाही, पण तसा दावाही नाही. सँड मला फार पिवळी वाटते, वाळवंटात लढणाऱ्यांनी घ्यावी.

आणि इथे मातीचा प्रश्न आला. सुरुवातीला मी धुळीसाठी जे रंग मिसळले ते नकळत नगरचे होते, खाली काळ्या रानाचा राखाडी काळा आणि वर मुरमाचा तांबूस. नजरेला तीच माती सवयीची. भाचा टेबलावरची हिरवळ अंथरत होता, माझ्या रणगाड्यांकडे बघून म्हणाला, "आत्या, हे पाथर्डीहून आलेत का?"

बरोबर बोलला. शकरगड हा रावीच्या खोऱ्यातला प्रदेश, गाळाची जमीन. तिथली धूळ फिकी, राखाडीकडे झुकलेली पिवळट, पिठासारखी. काळी माती नाही, मुरूम नाही. शिवाय डिसेंबर. बसंतर नदी ओलांडण्याचं काम १५ आणि १६ डिसेंबरच्या मधल्या रात्री झालं; सुरुंगांचा पट्टा पुरता साफ व्हायच्या आधीच पूना हॉर्सचे रणगाडे त्यातून पुढे गेले. म्हणजे चाकांपर्यंत ओल्या वाळूचिखलाचा थर, त्याच्या वर आधीच्या दहा दिवसांची कोरडी फिकी धूळ. नगरच्या उन्हाळ्यातली धूळ तिथे चालणारच नव्हती. लाइट सँड जवळ जाते पण उबदार वाटते, लोणी घातल्यासारखी. हा उबदारपणा कसा काढायचा या विचारात मी दोन रविवार घालवले आणि उत्तर शेजारच्याच डबीत होतं. स्नो.

बर्फाच्या वडीचा नगरला काय उपयोग, म्हणून मी ती उघडूनही बघितली नव्हती. लाइट सँडचे दोन हात आणि त्यात स्नोचा एक, तेही रंगावर रंग न चढवता कागदावर आधी एकत्र घोळून, असं केलं की मला हवी ती थंड, पिठूळ धूळ मिळते. बाजूच्या पत्र्यांवर खालून वर विरत नेते, मागच्या पत्र्यावर सर्वांत जास्त. ट्रॅक माती मागे फेकतात, त्यामुळे मागची बाजू पुढच्यापेक्षा कायम घाण असते. मोटरसायकलचं मागचं मडगार्ड बघा, समजेल. पॅटनांनाही तीच धूळ, कारण माती शत्रू-मित्र बघत नाही. पॅटनचा मूळ रंग व्हायेहो या रंगांच्या कंपनीचा 'ब्राउन व्हायोलेट' आहे. नाव वाचून भाच्याने जांभळे रणगाडे नकोत म्हणून कांगावा केला होता. बाटलीतून निघाला अमेरिकन ऑलिव्ह.

तर अकरा रणगाडे रंगले. तीन फुटांवरून बघितले तर टेबलावर धूळ उडतेय असं वाटावं. मग शनिवार आला.

पहिल्या खेळानंतर चार सेंच्युरियनांच्या टरेटवर स्वच्छ हिरवे अंगठे उमटलेले होते. पोलिसांना देण्यासारखे. हा डबीचा दोष मी मानत नाही. मेकअप लावून कोणी कुस्ती खेळत नाही. पण टेबलावर खेळणाऱ्याला हे आधी माहीत हवं, आणि मला कोणी सांगितलं नव्हतं.

उपाय सगळ्यांना माहीत आहे: वरून मॅट व्हार्निश. त्यात दोन अडचणी. एक, व्हार्निशचा ओलावा लागला की फिकी धूळ विरघळल्यासारखी नाहीशी होते. गंज आणि काजळी बऱ्यापैकी टिकतात, पण माझी मेहनतीची पंजाबी धूळ निम्म्याहून जास्त गेली. दोन, पावसाळा. नगरला पाऊस तो किती, लोक हसतील. पण जुलैतल्या एका दमट संध्याकाळी गच्चीवर मी स्प्रेच्या डब्याने व्हार्निश मारलं आणि सकाळी तीन पॅटनांवर पांढरं धुकं बसलेलं. डबा कुठल्या कंपनीचा ते जाऊ दे, हवेत ओल असताना मारणारी मी होते. वरून ग्लॉस व्हार्निशचा पातळ हात दिल्यावर धुकं बरंचसं गेलं. तेव्हापासून पावसाळ्यात मी स्प्रेला हात लावत नाही.

मग मला धंद्यातली एक गोष्ट आठवली. नवीन कॅप बसवली की रुग्णाच्या दातांमध्ये आम्ही निळा आर्टिक्युलेटिंग पेपर ठेवतो आणि चावायला सांगतो. जिथे दात टेकतात तिथे निळा ठिपका उमटतो, तेवढंच घासायचं. मी भाच्याच्या दोन्ही हातांच्या बोटांना तो कागद चांगला चोळला, नुसता पांढरा प्रायमर मारलेला एक सेंच्युरियन त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, नेहमीसारखा खेळ, चार डाव. त्याने "आत्या, तू बरी आहेस ना?" असं विचारलं आणि खेळला.

निकाल बघण्यासारखा होता. टरेटच्या दोन्ही बाजू निळ्याशार. नळी मुळापासून टोकापर्यंत निळी, अपेक्षेप्रमाणे. इंजिनवरच्या झाकणाच्या मागच्या कडा निळ्या. बाजूच्या पत्र्यांची फक्त वरची कड. पण पत्र्यांचा खालचा निम्मा भाग, चाकं, ट्रॅक, पुढच्या तिरक्या पत्र्याचा खालचा अर्धा भाग, मागच्या पत्र्याची खालची बाजू, सायलेन्सरच्या मागची खाच: पांढरं, अस्पर्श. आणि गंमत अशी, की खऱ्या रणगाड्यावर सर्वांत जास्त धूळ आणि चिखल नेमका तिथेच असतो.

मी ज्यांच्याशी या विषयावर बोलते त्या सगळ्यांना हा प्रयोग करायला सांगते. निळा कागद नसेल तर बोटांना शाई लावा, कुंकू लावा, काहीही. प्रत्येकाची पकड वेगळी असते. माझी स्वतःची काढली तर मी मडगार्ड धरते असं निघालं.

आता माझी पद्धत अशी ठरली आहे. जिथे बोटं लागतात तिथली सगळी घाण तेलरंगाने करायची आणि व्हार्निशखाली बंद करायची. त्यासाठी परदेशी काही लागत नाही. कॅमलचा रॉ अंबर तेलरंग, आपल्या मुंबईच्या कॅमलिनचा, चित्रकलेच्या कुठल्याही दुकानात मिळतो. रंग पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पिळून अर्धा तास ठेवायचा. पुठ्ठा जवसाचं तेल पिऊन घेतो आणि रंग मॅट वाळतो. मग टर्पेंटाइनमध्ये चहासारखा पातळ करून बारीक ब्रशचं टोक खिळ्यांच्या आणि झाकणांच्या कडेला नुसतं टेकवायचं. खाली आधी ग्लॉस व्हार्निश असेल तर रंग आपोआप फटीतून धावतो, बघत बसावंसं वाटतं. चुकलं तर टर्पेंटाइनने पुसून पुन्हा. दोन दिवस वाळू द्यायचं आणि मग मॅट व्हार्निश, एअरब्रशने, दोन पातळ हात. टरेटच्या माथ्यावरची धूळही मी आता फिकट तेलरंगाचे ठिपके देऊन, कोरड्या ब्रशने पसरवूनच करते.

तामियाची डबी उघडते ती या सगळ्यानंतर, अगदी शेवटी, आणि फक्त पांढऱ्या राहिलेल्या जागांसाठी. त्याच्यावर व्हार्निश नाही. त्या जागी बोट जातच नाही, म्हणून धूळ टिकते. आठ-दहा शनिवार झाले, पत्र्यांच्या खालच्या कडेला मला एकदाही हात फिरवावा लागलेला नाही. आणि लागलाच तर काय, दोन मिनिटांचं काम. ओठांवरची लिपस्टिक ठीक करण्याइतकं.

तेव्हा घ्यावी का? शोकेससाठी रंगवत असाल तर डोळे मिटून घ्या. खेळणारे असाल तर दोन डब्या एकदम घेऊ नका. बी आधी घ्या. काजळी आणि गंज दोन्ही त्यात आहेत आणि ते व्हार्निशखालीही तग धरतात. ए सेटचं काम तेलरंगाने आणि थोड्या कॅमलच्या सॉफ्ट पेस्टलने बरंचसं भागतं, पेस्टल बारीक सँडपेपरवर घासून भुकटी करायची. अगदी तामियाइतकी मऊ होत नाही, पण खर्च दहावा हिस्सा. मी ए सेट पुन्हा घेईन का? लाइट सँडसाठी घेईन. कुरकुरत घेईन.

एका सेंच्युरियनला मात्र मी हे नियम लावलेले नाहीत. त्याच्यावर तेलरंग आहे, पण व्हार्निश नाही; सगळी धूळ फक्त तामियाची, वरपासून खालपर्यंत, जशी त्या सकाळी असेल अशी मला वाटते तशी. लूप लावून, तीन शून्यांच्या ब्रशने त्याच्यावर नाव लिहिलंय. 'फामागुस्टा'. १६ डिसेंबर १९७१ ला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल या रणगाड्यात होते, २१ वर्षांचे. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. खरा फामागुस्टा दुरुस्त करून नगरलाच ठेवलाय, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये, माझ्या दवाखान्यापासून रिक्षाच्या अंतरावर. नाव लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. दोनदा 'ग' चा फुगा झाला म्हणून खोडलं. इंग्रजीत लिहायला हवं होतं हे मला कळतं. भाचाही म्हणाला. मी नाही लिहिलं.

तो टेबलावर येत नाही. भाच्याने एकदाच विचारलं, "हा का नाही खेळायचा?" मी म्हटलं, ह्याच्यावर फासे नाही टाकायचे. त्याने मान हलवली आणि स्वतःचे पॅटन मांडायला घेतले, नळीला धरून.

काल डबी साफ करायला घेतली. काजळी निम्मी उरलीय. गंजाच्या वडीला जेमतेम खळगा पडलाय. आणि बर्फाच्या वडीतून तळाचा पत्रा दिसायला लागलाय, कडेला थोडा रंग चिकटलेला, बाकी सफाचट. नुसता बर्फ सुटा विकणारं कोणी असेल तर कळवा. आईला वाटतंय मी ती लावून फिरते.